नागपूर लांब पडतं

लग्नाचं विचारायला सुगत रामटेके सकाळच्या विमानाने नागपूरहून पुण्याला आला आणि थेट सदाशिव पेठेत ऋजुताच्या घरी गेला. तिच्या बाबांनी हसून स्वागत केलं, पोह्यांची बशी पुढे केली, नोकरीची चौकशी केली. मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं.

"रामटेके. आम्ही बौद्ध आहोत. आजोबांनी दीक्षा घेतली होती," सुगतने सरळ सांगितलं.

बाबांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "तुमच्यात नाव ठेवायला जागा नाही. पण नागपूर फार लांब पडतं हो. उद्या पोरीला काही झालं, तर आम्ही म्हाताऱ्यांनी धावायचं कसं?"

"विमानाने दीड तास लागतो, काका. घरून चहा पिऊन निघालो, तो तुमच्याकडे नाश्त्याला पोचलो."

"तुम्ही तरुण आहात. आमच्या जिवाला घोर लागतो," असं म्हणत त्यांनी आग्रहाने आणखी पोहे वाढले.

त्याला सोडायला आलेली ऋजुता जिन्यात म्हणाली, "बाबा तसले नाहीत रे. त्यांना खरंच अंतराची भीती वाटते."

सुगतने ते खरं मानलं. नागपूरची चांगली नोकरी सोडून त्याने हिंजवडीत नोकरी मिळवली आणि त्याच दिवशी तिला फोन केला. "बाबांना सांग, मी पुण्यात राहायला येतोय."

"माझं लग्न ठरलंय, सुगत. स्थळ बाबांनीच आणलं."

"पुण्यातलाच असेल."

"नाही," ती म्हणाली. "टोरंटोला असतो."