बारशाची वाटी
आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत गोदूआत्याच्या वाट्याला एकच शब्द आला होता: अविवाहित. बायको टाकून परागंदा झालेल्या चुलतआजोबांना मात्र संपादकांनी, म्हणजे कृष्णकांतकाकांनी, सन्मानपूर्वक अर्धे पान बहाल केले होते. प्रतापनगरात त्यांच्या घरी मी प्रुफे परत केली. “आत्याबद्दल एवढंच?” काका हसले. “अक्कानं केलं तरी काय वं? भिवापूरच्या शाळेत पोरी शिकवल्या, गेली. उद्या छापायला देऊन राहिलो.” उत्तरादाखल मी आत्याच्या पेटीत सापडलेली चांदीची वाटी पुढे ठेवली. काकांची पहिली मुलगी बारशाआधीच दगावली होती. नाव ठेवण्याचा मान आत्याचा; तिने ठरवलेले नाव बारशातच कळायचे, म्हणून ते कुणालाच कळले नव्हते. काकांनी वाटी उजेडात धरून कोरलेली अक्षरे वाचली: ‘चि. मृदुला कृष्णकांत’. पुन्हा वाचली. मग स्वयंपाकघराकडे वळून काकूंना हाक मारली, “अवं, बाहेर ये. आपल्या पोरीचं नाव कळलं.”