कपाटाचं पोट

"मला नको आत! मी नाही रडत! बघ ना, मी नाही रडत!"

चित्रप्रदर्शनाच्या दालनातल्या गप्पा एकदम थांबल्या. मधल्या भिंतीवरच्या सगळ्यांत मोठ्या चित्रासमोर पाचेक वर्षांची एक मुलगी उभी होती. दोन्ही हातांनी तिने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. तिची आई धावत आली, तिला उचलून घ्यायला वाकली, तशी ती अंग ताठ करून किंचाळली. तिच्या पायांशी फरशीवर ओल पसरत गेली.

चित्रकर्ती दोन पावलांवर होती. पाळणाघराच्या मावशींचा हात धरून ती त्यांना आपली चित्रं दाखवत होती. मघाशी उद्घाटनाच्या भाषणात ती म्हणाली होती, "या मावशी नसत्या, तर यातलं एकही चित्र झालं नसतं." टाळ्या पडल्या होत्या. मावशी पदर सावरत लाजल्या होत्या.

चित्र तसं अंगावर येणारंच होतं. एक पिवळं, ढेरपोटं कपाट. त्याच्या पोटात मुंडकी नसलेले कोट फेर धरून नाचत होते. त्यांच्या मधोमध एक इवलीशी मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वर काळ्याकुट्ट आभाळात एकच तारा, तोही वाकडा. बघणारे आधी दचकत आणि मग हसत. "तुम्हाला हे सुचतं तरी कुठून?" हा प्रश्न तिला संध्याकाळपासून कितीतरी जणांनी विचारला होता.

सुचत होतं लेकीकडून. लेकीचं घरातलं नाव भिंगरी. ती झाल्यावर चित्रकर्तीचे रंग पार वाळून गेले होते. कॅनव्हाससमोर बसलं की लेकीकडे दुर्लक्ष होतंय असं वाटायचं, आणि लेकीला घेऊन बसलं की हात शिवशिवायचे. दोन्हीकडे अर्धी. शेवटी तिने भिंगरीला मावशींकडे ठेवायला सुरुवात केली, आणि थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी आंघोळ घालताना पोरगी म्हणाली, "आई, कपाटाला पोट असतं. ते मुलांना गिळतं, पण चावत नाही."

चित्रकर्तीने ओल्या हातानेच पेन्सिल उचलली.

मग रोज संध्याकाळी त्या दोघींची मैफल जमायची. कोटांना हात असतात पण डोकी नसतात. आत एकच तारा असतो आणि तो वाकडा असतो. भिंगरी सांगायची आणि आई रेघा मारायची. चित्रही होत होतं आणि लेकीला वेळही मिळत होता. इतकं सुख तिला कितीतरी दिवसांत लाभलं नव्हतं. नवरा चिडवायचा, "खाली सही कुणाची करणार, तुझी की भिंगरीची?" पोरगी हल्ली गप्प गप्प असायची, अंधारात जायला घाबरायची. पण या वयात मुलं घाबरतातच, असं सगळेच म्हणाले.

आता ती भिंगरी बाबांचा हात सोडून पुढे आली. किंचाळणारी मुलगी तिच्याच पाळणाघरातली मैत्रीण होती. मोठ्या बहिणीने समजूत काढावी तशी भिंगरी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"घाबरू नको गं. हे नुसतं चित्र आहे. खरं कपाट मावशींकडे आहे ना."

चित्रकर्तीच्या हातात मावशींचा हात तसाच होता. तो आधी गार पडला आणि मग अलगद सुटला.

"अहो ताई, लहान मुलं ती," मावशी हसत म्हणाल्या. "काहीही बोलतात. मनावर घ्यायचं नसतं."

"कपाट दाखवा," चित्रकर्ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

पाळणाघर मागच्याच गल्लीत होतं. भिंगरीचे आईबाबा आणि त्या मुलीचे आईबाबा, सगळेच निघाले. मुली बापांच्या कडेवर होत्या. वाटेत मावशी आधी रागावल्या, मग रडल्या, आणि दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "एकटी बाई किती पोरांना आवरणार? रडायला लागली की पाच मिनिटं बसवायची. मारलं तर नाही ना कधी!"

पाळणाघराच्या आत, मागच्या बोळात कपाट होतं. साधं, तपकिरी, कुणाच्याही घरात असतं तसं. चित्रकर्ती वाकून आत शिरली आणि तिने दार ओढून घेतलं. जुन्या कोटांच्या बाह्या तिच्या तोंडावर लोंबल्या. डांबरगोळ्यांच्या वासाने जीव गुदमरला. थोड्या वेळाने कुलपाच्या भोकातून येणारा उजेड दिसू लागला. बारीक आणि वाकडा. खालच्या फळीवर तिने हात फिरवला, तर बोटांना नखांचे ओरखडे लागले. काही खोल होते, काही नुसतेच उमटलेले.

ती बाहेर आली. भिंगरीच्या मैत्रिणीचे वडील पोलिसांशी फोनवर बोलत होते. मावशी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चित्रकर्ती बाहेरच्या पायरीवर मटकन बसली. भिंगरी येऊन तिला चिकटून बसली. आईने तिचे दोन्ही हात हातात घेतले, एकेक नख उलटून पालटून पाहिलं.

"राणी, मला का नाही गं सांगितलंस?"

"सांगितलं की," भिंगरी नवल वाटून म्हणाली. "रोज सांगितलं. तू म्हणायचीस, अजून सांग. मग माझ्याकडचं सांगून संपलं की मी मावशींकडे मुद्दाम रडायचे."