तिचा पहिला राग

काचेच्या गर्भाशयात मुलगी गाढ झोपली होती. नऊ महिने तिला कसलाच त्रास झाला नव्हता, आणि डॉक्टरांना तीच काळजी होती. जन्मताना अंग आवळलं गेलं, की बाळाच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळतात, फुप्फुसांतलं पाणी हटतं आणि पहिला श्वास येतो. काचेला कळा येत नाहीत. म्हणून कळा आईनेच द्यायच्या.

शाल्मलीच्या हातात रबरी मूठ होती. ती आवळली की काचेतली मऊ पिशवीही आवळणार होती.

"सिस्टर, तिला दुखेल हो."

"थोडं दुखू दे, ताई. नाहीतर श्वासच घ्यायची नाही."

शाल्मली शेजारी उभ्या आईकडे वळली. "माझ्या वेळी तू कसं केलंस गं?"

"माझ्या हातात काय होतं? अठरा तास तूच मला पिळत होतीस. आवळ आता."

शाल्मलीने डोळे मिटून मूठ आवळली. पडद्यावरचा संप्रेरकांचा आकडा चढत गेला. काच उघडली, आणि मुलगी लालबुंद होऊन किंचाळली.

"रागावली बघ," आई म्हणाली. "आता आयुष्यभर ऐकवील तुला."

"ऐकवू दे," म्हणत शाल्मलीने तिला छातीशी धरलं. आकडा हळूहळू उतरू लागला.