हलका हात

आपल्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे सलूनवाला येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

"कापतो हात आणि मिरवतो तुझा अहंकार," खुर्चीतले म्हातारे मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "खरा तू नुसता बघत असतोस. त्याला कधी गाठलंयस का?"

"भेटला तर त्याचीही हजामत करीन, मास्तर."

समोरासमोरच्या दोन आरशांत सलूनवाल्यांची लांबलचक रांग लागली होती. सगळ्यांच्या कात्र्या एका तालात चालत होत्या. पार टोकाला मात्र एकाचे हात खाली होते. तो नुसता बघत होता.

सलूनवाल्यानं मुद्दाम कंगवा उंच धरला. रांगेतल्या सगळ्यांनी धरला, त्यानं नाही.

घाबरायचं सोडून सलूनवाल्याला भलतंच कुतूहल वाटलं. असं उभं राहून याला दिसतं तरी काय? त्यानं कात्री टेबलावर ठेवली, हात खाली सोडले आणि त्याच्यासारखाच बघत राहिला.

"आज हात भारी हलका लागलाय रे तुझा," मास्तर गुंगीत पुटपुटले.

कात्री टेबलावरच होती. मास्तरांच्या कानामागे तिची कचकच चालू होती, आणि त्यांच्या खांद्यावर केस पडत होते.