टू-सीटरचा सौदा

नाना गाडीतून उतरायला तयार नव्हते.

पितांबरने दोनदा वडिलांचा हात धरून पाहिला. दोन्ही वेळा म्हाताऱ्याने हात सोडवून घेतला आणि पुन्हा समोर बघत बसला. अंगणात चाळीसगावचे मोतीलालशेठ गाडीभोवती फिरत होते. चाकाच्या तारांवर नख वाजवत होते, कॅनव्हासचे छप्पर चिमटीत धरून बघत होते. त्यांच्या मुलाला मुंबईहून परतल्यापासून वेगाच्या मोटारीचे वेड लागले होते आणि शेठना ते वेड जुन्यावर भागवायचे होते. पितांबरला काही बसवेना. तो ओट्यावर जाई, परत येई, फडक्याने दिवे पुन्हा पुशी. आज सौदा फिसकटला तर दुसरे गिऱ्हाईक फिरकणार नव्हते.

विलायतेला परत निघालेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या साहेबाकडून त्याने ही टू-सीटर घेतली, तेव्हा धुळ्यात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. चाळीसगावच्या आगगाडीशी ती शर्यत लावायची आणि डब्यांतली माणसे खिडकीतून टोप्या हलवायची. पण मोटार काय, माणूस काय, उतारवय कुणाला सुटले आहे? आता ती तेल प्यायची, टायर खायची, आणि मुंबईहून सतत कसला ना कसला सुटा भाग मागवावा लागायचा. जितकी ठेवावी तितका भाव खाली आणि खर्च वर. पितांबरची बायको सुंदरबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ह्यांनी सवत आणली असती तर परवडली असती. तिचं दोन लुगड्यांत तरी भागलं असतं." तिकडे शिंदखेड्याच्या मळ्यात लिंबाची बाग डोळ्यांदेखत वाळत होती. गाडी गेली तर विहिरीवर इंजिन बसणार होते.

त्यात नानांचा हट्ट. ते ह्या गाडीतून कधी कुठे गेले नाहीत. हिवतापात कोयनेल खाऊन खाऊन कान गेले, तेव्हापासून ते घराबाहेरच पडत नसत. पण रोज दिवेलागणीला गाडीत येऊन बसत आणि मुलाला खूण करत. मग गाडी जागच्या जागी धडधडत राही, पेट्रोल जळत राही आणि नाना डोळे मिटून बसून राहत. म्हातारपणी पोर झालेत, असे घरातले सगळे म्हणत. पितांबरही म्हणे.

ती धडधड गिऱ्हाइकासमोर नको म्हणून त्याने हिलाल मिस्त्रीला आधीच बोलावून इंजिन नीट करून घेतले होते.

"एक प्लग मरेल व्हता, भाऊ. म्हनीसन ती अशी थरथरे," हिलाल शेठना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "आते बठ्ठं झकास शे."

त्याने हँडल मारले. इंजिन एका झटक्यात लागले आणि तेलाच्या धारेसारखे चालू लागले. बॉनेटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. शेठनी मान डोलावली. बाजारातल्या सवयीप्रमाणे त्यांनी पितांबरचा हात आपल्या उपरण्याखाली ओढला आणि बोटांनी भाव सांगितला. पितांबरने एक बोट वाढवले. शेठ कुरकुरले, पण बोट त्यांनी सोडले नाही. सौदा झाल्यातच जमा होता.

"पितांबर, चालू कर ना रे," नाना मोठ्याने म्हणाले.

हिलाल हसला. शेठही हसले. पितांबरने मोकळा हात गोल फिरवून सांगितले की गाडी चालूच आहे. नानांनी पुढच्या फळीवर तळवा ठेवला. मग दारावर ठेवला. अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर दाबून धरले. शेवटी त्यांनी दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर आणले, उजवा सपाट, डावा जरासा कललेला, आणि वाट पाहत राहिले.

ते हात पितांबरने लहानपणापासून पाहिले होते. राममंदिरात बुवा कीर्तनाला उभे राहत आणि त्यांच्या शेजारी मांडीवर मृदंग घेऊन नाना असेच थांबत. बुवांनी पदाला सूर लावला की हे हात पडत आणि अख्खे मंदिर हलू लागे. कान गेले त्या वर्षी नानांनी मृदंगाला गवसणी घालून तो खुंटीला टांगला. पुन्हा त्याचे नावही काढले नाही.

गुडघ्यांवरचे हात हळूहळू ढिले पडले. नाना दार धरून उठू लागले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "ही बी गेली."

लिंबाची झाडे पितांबरच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तरी त्याने उपरण्याखालून हात काढून घेतला. तो पुढे झाला, बॉनेट उघडले आणि धोतराच्या सोग्यात धरून एका प्लगची तार उपटली.

"भाऊ, हाई काय करी राह्यना?" हिलाल ओरडला.

इंजिन लंगडले. तीन ठोके, एक रिकामा. तीन ठोके, एक रिकामा. मडगार्ड थरथरू लागले, दार खुळखुळू लागले, सगळी गाडी खालपासून वरपर्यंत हलू लागली. अर्धवट उठलेले नाना तसेच मागे बसले.

"अहो, भाव पडेल अशानं," शेठ म्हणाले.

"पडू द्या, शेठ."

नानांचा उजवा तळवा गुडघ्यावर पडला. डाव्या हाताच्या बोटांनी त्याला जबाब दिला आणि इंजिनाची रिकामी जागा भरून काढली. पुन्हा भरली. पुन्हा. डोळे मिटून म्हाताऱ्याने शेजारच्या रिकाम्या सीटकडे मान वळवली.

"बुवा," ते म्हणाले, "होऊ द्या."

मोतीलालशेठनी उपरणे नीट खांद्यावर घेतले आणि हळूच पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या.