दोन्ही टोके

पणजी सुईण, आजी म्हणजे मी पेशीशास्त्राची प्राध्यापिका, आई औषधनिर्माती. अशा घरातली माझी संशोधक नात प्रयोगशाळेतून पडलेल्या चेहऱ्याने आली.

"आजी, प्रथिनाचा संदेश अक्षर न् अक्षर तपासून आरएनएत लिहिला. पेशी मात्र ढिम्म! प्रथिनाचा कणही नाही. शुक्रवारी माझा प्रकल्प बंद करतायत."

"संदेशाच्या दोन्ही टोकांचं काय केलंस?"

"छाटली. त्यांच्यापासून प्रथिन थोडंच बनतं!"

"अगं शहाणे, पुढच्या टोकामुळे प्रथिन बनवणारा रायबोसोम कामाला लागतो, मागच्यामुळे संदेश टिकतो. शेंडाबुडखा छाटून फळं मागतेस?"

तिने टोके जोडली. गुरुवारी पेशींनी भरभरून प्रथिन बनवले, प्रकल्प वाचला.

"उगाच नाही तुझं नाव पाठ्यपुस्तकात!" नात मला बिलगून म्हणाली.

मी तिचे हात सोडवले. "टोकांचं हे काम माझ्या हाताखालच्या तंत्रज्ञ बाईंनी शोधलं होतं. 'त्यांनी नुसत्या नळ्या धुतल्या' असं सांगून शोधनिबंधातून त्यांचं नाव मीच काढलं."

त्याच दुपारी मी तो निबंध छापणाऱ्या संशोधन मासिकाला सहीनिशी कळवले: शोध संपूर्ण त्यांचा आहे, निबंधावरचे माझे नाव खोडावे आणि तेथे त्यांचे घालावे.