पेन्सव्हिलचा पत्ता

अवधूत मोबाइल टॉवरच्या कामासाठी लायबेरियाला निघालाय हे कळल्यावर शेजारच्या कम्फर्ट आंटी इतक्या हरखल्या, की लंडनमधल्या क्रॉयडनच्या त्यांच्या इमारतीच्या अरुंद जिन्यातच त्यांनी त्याला अडवलं. तिथली राजधानी मनरोव्हियाच्या पेन्सव्हिल उपनगरातून त्या यादवीत नेसत्या कपड्यांनिशी पळाल्या होत्या. आता यादवी एकदाची संपली होती.

"माझं घर तेवढं बघून ये. थिएटरपाशी उतर, आंब्याच्या झाडाकडून डावीकडे वळ, बेकरीमागे निळं दार."

आठवड्याने त्याचा तिथून फोन आला, तो घामाघूम आणि वैतागलेला.

"आंटी, काय हा पत्ता! थिएटर जळालंय, आंबा तोडलाय, बेकरीचा मागमूस नाही."

"मग पोचलास कसा?"

"विचारत विचारत. इथले लोकही तुमच्यासारखेच! ज्याला विचारावं तो म्हणतो, थिएटरपाशी जा, आंब्याकडून वळ. आमच्या पुण्यातही पाडलेल्या टॉकीजवरूनच पत्ता सांगतात म्हणा, म्हणून सापडलं."

आंटी खदाखदा हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि घर?"

अवधूतसमोर घराच्या उरलेल्या दोन पायऱ्या होत्या आणि गुडघाभर गवत. तेवढ्यात शेजारी शेंगदाणे विकणारी बाई एका टॅक्सीवाल्याला हातवारे करत रस्ता सांगायला लागली. त्याने फोन तिच्या दिशेने धरला.

"सरळ जा," ती ओरडून सांगत होती, "आणि कम्फर्टच्या घरापासून उजवीकडे वळ!"